सूर्य मावळल्यानंतरच्या विजेचा हिशेब

माळावर पहिला खांब रोवला जाण्याआधी सौर प्रकल्पाचे काम वर्ष-दीड वर्ष कागदावर चाललेले असते, आणि माझा सगळा व्यवसाय त्या वर्ष-दीड वर्षातलाच आहे. मी पुण्यात राहते, शिक्षणाने विद्युत अभियंता आहे, आणि मोठ्या सौर प्रकल्पांना कर्ज देण्यापूर्वी बँका व वित्तसंस्था ज्यांच्याकडून प्रस्तावाची तांत्रिक तपासणी करून घेतात, अशा एका लहानशा सल्लागार संस्थेत काम करते. ओळखीचे लोक भेटले की पहिला प्रश्न पॅनेलच्या किमतीचा विचारतात. ते स्वाभाविक आहे, कारण घराच्या छतावर पॅनेल बसवणाऱ्याला तोच खर्च डोळ्यांसमोर दिसतो. मात्र दोनशे किंवा चारशे एकरांवर पसरलेल्या, बॅटरी जोडलेल्या प्रकल्पाच्या विजेचा दर ठरतो तो मुख्यतः पैशाच्या किमतीवर, म्हणजे व्याजावर. हे व्याज कशामुळे वाढते आणि कशामुळे उतरते, याविषयी गेल्या काही वर्षांत जे पाहिले ते आज लिहायचे आहे.

औष्णिक केंद्र रोज कोळसा घेते आणि रोज वीज विकते. सौर प्रकल्पाला इंधन फुकट मिळते, पण त्याबदल्यात पंचवीस वर्षांच्या विजेचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दीड वर्षातच करावा लागतो. एवढी रक्कम कोणाच्याच खिशात नसते, म्हणून साधारणपणे तीन-चतुर्थांश भाग कर्जातून आणि एक-चतुर्थांश भाग प्रवर्तकांच्या, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्यांच्या, भांडवलातून उभा राहतो. शंभर कोटींचे कर्ज अठरा वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे असेल, तर नऊ टक्के व्याजाने वर्षाचा हप्ता सुमारे ११ कोटी ४२ लाख होतो आणि दहा टक्क्यांनी तोच १२ कोटी १९ लाखांवर जातो. एका टक्क्याचा हा फरक अठरा वर्षांत जवळपास १४ कोटी होतो, आणि तो शेवटी युनिटच्या दरातच उतरतो. कर्ज देणाऱ्याच्या मनातली प्रत्येक शंका या एका टक्क्यात कुठेतरी दडलेली असते, म्हणून प्रस्ताव वाचताना मी ती शंका नेमकी कोणत्या पानावर निर्माण होते ते शोधत असते.

बहुतेक वेळा ती पहिल्यांदा सातबाऱ्यावर सापडते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या पन्नास मेगावॅटच्या एका प्रकल्पाची कागदपत्रे माझ्याकडे आली होती. मेगावॅटमागे साधारण चार एकर धरले तर दोनशे एकर जागा लागते, आणि ती तिथे होतीही. मुरमाड, उंचसखल, कुसळांनी भरलेली जमीन, जिच्यात ज्वारीसुद्धा पोटापुरती येत नाही. प्रवर्तक कंपनीने शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे केले होते. आराखडा सुबक होता, पण त्याच्या बरोबर मधोमध साडेतीन एकरांचा एक गट होता आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर दोन भावांचीच नावे होती. वडील वारले तेव्हा वारसनोंद झाली, पण दोन बहिणींची नावे त्या फेरफारात राहून गेली होती. भावांनी सह्या केल्या होत्या, भाड्याची पहिली रक्कमही घेतली होती, आणि कंपनीच्या वकिलाने तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये ही गोष्ट नोंदवलेली असूनही ती कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. बँकेच्या वकिलाने मात्र एकाच ओळीत सांगितले की बहिणींची सही आल्याशिवाय कर्जाचा पहिला हप्ता सुटणार नाही. ३३ केव्हीची केबल नेमकी त्याच गटातून जायची होती. ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिलेली होती, तिच्यावर व्याज चढू लागले होते, आणि काम चार महिने जागच्या जागी थांबले.

अखेर थोरली बहीण मुलाला घेऊन नवी मुंबईहून तालुक्याच्या गावी आली. साठी उलटलेली बाई होती, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि माहेरच्या जमिनीचा जुना, घड्या पडून फाटत चाललेला उतारा. कंपनीचा माणूस तिला भाड्याचा आकडा समजावून सांगत होता. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ ठरलेली असल्याने आता खासगी व्यवहारातही शेतकरी तोच आकडा पुढे ठेवतात, आणि तो वाजवी आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "मॅडम, सही करते मी. पण पंचवीस वर्षांनी हे लोखंड कोण उपटून नेणार? आमच्या नातवंडांनी उपटायचं का?" भाडेपट्ट्याचा मसुदा मी दोनदा वाचला होता. त्यात या बाबतीत "उभय पक्षांनी परस्परसंमतीने ठरवावे" एवढेच वाक्य होते, आणि दोन्ही वाचनांत माझी नजर त्यावरून पुढे गेली होती. त्या दिवशी मसुद्यात नवे कलम घातले गेले: मुदत संपल्यावर खांब, पाया आणि जमिनीखालच्या केबली काढून जमीन पूर्ववत करून देण्याची जबाबदारी भाडेकरूची, आणि त्यासाठी शेवटच्या पाच वर्षांत वेगळी रक्कम बाजूला ठेवायची. मग तिने सही केली, धाकटीनेही केली, आणि भाड्याचे चार हिस्से झाले.

जमीन मार्गी लागली की पुढचा प्रश्न किती वीज होईल हा असतो. उपग्रहावरून मिळणारी वर्षानुवर्षांची किरणोत्साराची आकडेवारी, जागेवर बसवलेल्या मोजणी यंत्राच्या नोंदी, तापमान, धूळ, केबलमधली गळती आणि पॅनेलची दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास होणारी झीज, हे सगळे मिळून आम्ही दोन आकडे काढतो. एक असा की दोन वर्षांपैकी एका वर्षी तेवढी वीज व्हावी, आणि दुसरा असा की दहापैकी नऊ वर्षे तरी तेवढी होईलच. पहिल्याला पी-५० म्हणतात, दुसऱ्याला पी-९०. प्रवर्तक पहिल्या आकड्यावर स्वप्न पाहतो आणि बँक दुसऱ्यावर कर्ज देते. त्या दुसऱ्या आकड्याच्या उत्पन्नातून देखभालीचा खर्च वजा केल्यावर शंभर रुपयांच्या हप्त्यामागे हातात एकशे वीस-पंचवीस रुपये उरत असतील, तर बँकेचे समाधान होते. वरचे वीस-पंचवीस म्हणजे पावसाळा लांबणे, इन्व्हर्टर बंद पडणे आणि बिल उशिरा मिळणे यांसाठी ठेवलेली जागा आहे. शिवाय सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी रक्कम राखीव खात्यात वेगळी पडून असते.

या तिघांत सर्वांत मोठी भीती बिल उशिरा मिळण्याची असते, कारण पंचवीस वर्षे वीज घेणारी वितरण कंपनी बहुधा सरकारी असते आणि तिचे आर्थिक आरोग्य निवडणुकांच्या तारखांशी जोडलेले असते. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात सरकार बदलल्यावर आधीच्या काळातल्या सौर आणि पवन ऊर्जेच्या वीज खरेदी करारांचे दर कमी करण्याचा प्रयत्न झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने ठरलेले दरच द्यावे लागतील असा निकाल दिला. करार टिकला हे खरे, परंतु मधली पावणेतीन वर्षे त्या प्रकल्पांनी हप्ते कसे फेडले असतील याचा विचार करावा. त्या काळात इतर राज्यांतले जे प्रस्ताव माझ्या हातून गेले, त्या प्रत्येकाच्या बैठकीत कोणीतरी आंध्रचे नाव काढत असे. एका राज्याने केलेल्या गोष्टीचे व्याज शेजारच्या राज्यातला ग्राहक भरत होता. जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे नवे नियम आणले, थकबाकी हप्त्यांत बांधून दिली आणि वेळेवर पैसे न देणाऱ्या वितरण कंपनीला वीज बाजारातून खरेदी करण्यावर बंधने घातली. त्यानंतर थकबाकीची चर्चा बैठकांतून खरोखरच कमी झाली; मी ते स्वतः अनुभवले आहे.

भीती आधीच ओळखून तिची सोय करून ठेवली तर दर किती उतरू शकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण मध्य प्रदेशातल्या रीवाचे आहे. जानेवारी २०१६ मध्ये राजस्थानातल्या एका लिलावात ४ रुपये ३४ पैसे हा दर लागला, तेव्हा तो देशातला नीचांक होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये रीवाच्या ७५० मेगावॅटसाठी सलग ३३ तास उलट लिलाव, म्हणजे बोली वर न चढता खाली उतरत जाणारा लिलाव, चालला आणि पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैशांवर आला. पॅनेलच्या किमती त्या वर्षभरात उतरल्या होत्या, पण दराची एवढी घसरण केवळ त्यामुळे झाली नव्हती. रीवाच्या करारात पैसे बुडू नयेत म्हणून एकामागे एक तीन तटबंद्या होत्या: आधी बँकेचे पतपत्र, ते अपुरे पडले तर स्वतंत्र सुरक्षा निधी, आणि त्यामागे राज्य शासनाची हमी. ग्रिडने, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याने, वीज घेण्यास नकार दिला तर त्या न घेतलेल्या विजेचीही भरपाई देण्याची तरतूद होती. जमीन आधीच ताब्यात होती, आणि प्रकल्पाच्या आवारातल्या वीज वाहिन्यांसाठी जागतिक बँकेचे कर्ज होते. चोवीस टक्के वीज दिल्ली मेट्रोने घ्यायचे ठरले होते, म्हणजे ग्राहकांपैकी एक असा होता ज्याच्या पैसे देण्याच्या क्षमतेविषयी कोणालाच शंका नव्हती. माझ्या हाताखाली नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी रीवाचा करार आधी वाचायला देते, कारण एक-एक कलम किती पैशांचे आहे ते तिथे दिसते.

रीवात बॅटरी नव्हती. त्यामुळे त्या प्रकल्पाचा दिवस सूर्याबरोबर संपतो, आणि विजेची खरी ओढ तर त्यानंतर सुरू होते. आज वीज बाजारात भर दुपारी वीज अत्यंत स्वस्त मिळते, आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळेत दर कित्येकदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. राजस्थानात तर वाहिन्या अपुऱ्या पडल्यामुळे दुपारची सौर वीज बंद करून ठेवावी लागण्याचे प्रसंग २०२५ मध्ये वारंवार आले. दुपारची वीज रात्रीपर्यंत राखून ठेवता आली नाही, तर नवा सौर प्रकल्प बांधणे दिवसेंदिवस निरर्थक होत जाईल हे आता सर्वांनाच कळून चुकले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान दहा टक्के एवढी, दोन तासांची साठवण असावी, असा सल्ला दिला तो याच कारणाने.

मोठ्या प्रमाणावर हे कसे दिसते ते पाहायचे असेल तर गोंदियाच्या पुढे, छत्तीसगडातल्या राजनांदगावला जावे. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने, म्हणजे सेकीने, तिथे उभारलेला प्रकल्प फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. ग्रिडला दिली जाणारी क्षमता १०० मेगावॅट, पण पॅनेल १५५.०२ मेगावॅटची, आणि सोबत ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी (एक मेगावॅट-तास म्हणजे एक हजार युनिट). खर्च सुमारे ९०० कोटी, आणि अर्थसाहाय्यात जागतिक बँकेचा सहभाग होता. वर्षाला अंदाजे २४ कोटी ३५ लाख युनिट वीज अपेक्षित आहे. हे आकडे जरा उलगडून पाहण्यासारखे आहेत. वर्षाच्या विजेला दिवसांनी भागले तर सरासरी रोज ६ लाख ६७ हजार युनिट होतात, आणि बॅटरी एका वेळी १ लाख २० हजार युनिट साठवते. म्हणजे दिवसभराच्या पिकातला पाचव्या हिश्शाहून थोडा कमी भागच संध्याकाळसाठी राखता येतो, आणि तोही ४० मेगावॅटच्या वेगाने तीन तास पुरतो. एवढा खर्च करून एवढेच, असे प्रथम वाटते. पण छत्तीसगडच्या वितरण कंपनीला संध्याकाळी लागणारी ती तीन तासांची वीज अन्यथा सर्वांत महाग दराने घ्यावी लागते, आणि अशा साठवणीचे मोल त्याच तीन तासांत आहे. पॅनेल १५५ मेगावॅटची का, याचेही उत्तर यात आहे: ऊन सौम्य असतानाही १०० मेगावॅटच्या जवळपास राहता यावे म्हणून जास्तीची पॅनेल लावतात, आणि भर दुपारी जे जास्तीचे होते त्याला बॅटरीचे भांडे मिळते.

बॅटरीमुळे माझ्या कामाचे स्वरूप किती बदलले, ते मला एका प्रकल्पावर रात्री थांबले तेव्हा नीट उमगले. पॅनेल रात्री निपचित असतात. बॅटरीचे कंटेनर मात्र संध्याकाळी जागे होतात. वीस फुटी पांढऱ्या कंटेनरांच्या रांगेतून चालताना शीतकरणाच्या पंपांची अखंड घरघर ऐकू येत होती आणि दाराजवळ हात नेला की ऊब जाणवत होती. अशा एका कंटेनरमध्ये साधारण पाच मेगावॅट-तास मावतात. प्रत्येक सेल जाडजूड शब्दकोशाएवढा, साडेपाच किलोच्या आसपास वजनाचा, आणि एकात जेमतेम एक युनिट वीज. म्हणजे एका कंटेनरमध्ये असे सुमारे पाच हजार सेल. पाळीवरचा लातूरकडचा आयटीआय झालेला मुलगा संगणकाच्या पडद्यावरून दर तासाला वहीत काहीतरी टिपून घेत होता. काय लिहितोस म्हणून विचारले तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यात गरम सेल आणि सगळ्यात थंड सेल यांच्यातला फरक लिहितो. तीन अंशांच्या वर गेला की साहेबांना फोन करायचा." ती नोंद संगणकात आपोआप होतच होती, तरी त्याने आपली वही ठेवली होती, आणि महिनाभराचे आकडे एका दृष्टिक्षेपात दिसत असल्याने ती मला संगणकापेक्षा अधिक बोलकी वाटली. एका कोपऱ्यातल्या कंटेनरचा फरक हळूहळू वाढत चालला होता. शीतकरणाच्या नळीत हवा अडकली होती, असे पुढे निष्पन्न झाले.

पॅनेल तुम्ही कसे वापरता यावर त्याचे आयुष्य फारसे अवलंबून नसते. बॅटरी कशी वापरली, किती वेळा भरली, किती रिकामी केली, किती तापू दिली, भरलेल्या अवस्थेत किती वेळ ठेवली, यावर ती पाच वर्षांनी कशी असेल ते ठरते. त्यामुळे बॅटरीला कर्ज देणे हे वापरणाऱ्याच्या सवयींना कर्ज देण्यासारखे आहे, आणि त्या सवयी दोन वेगवेगळ्या कागदांत लिहिलेल्या असतात: वीज खरेदी करारात आणि उत्पादकाच्या हमीपत्रात. गेल्या वर्षी तपासलेल्या एका प्रस्तावात करार म्हणत होता की खरेदीदार सांगेल त्या वेळी, गरज पडल्यास दिवसातून दोनदा बॅटरी वापरता आली पाहिजे; आणि हमीपत्र म्हणत होते की दिवसाला एकापेक्षा जास्त फेरी, म्हणजे एकदा भरून रिकामी करणे, झाली तर क्षमतेची हमी रद्द. दोन्ही कागद एकाच कंपनीच्या दोन विभागांनी मिळवले होते, आणि ते शेजारी शेजारी ठेवून कोणी वाचलेच नव्हते. बँकेसमोर हे मांडले तेव्हा खोलीत काही वेळ शांतता होती. अखेर उत्पादकाकडून वाढीव फेऱ्यांची हमी जादा पैसे देऊन घ्यावी लागली, आणि प्रकल्पाचा नफा त्या प्रमाणात आकसला. दुःख याचे होते की निविदेत दर भरून झाल्यावर हे कळले. आधी कळले असते तर तो खर्च दरात धरता आला असता.

झिजलेल्या बॅटरीत काही वर्षांनी नवे सेल भरावे लागतात. पहिल्या दिवशी १२० असलेले भांडे दहाव्या वर्षी १२० राहत नाही, पण करार तर तेवढीच वीज मागतो. प्रस्तावांमध्ये हा खर्च बहुधा "तोपर्यंत सेल आणखी स्वस्त होतील" या गृहीतकावर बेतलेला असतो. ते खरे ठरेलही, परंतु आपल्याकडचे बहुतांश सेल चीनमधून येतात आणि दहा वर्षांनंतरचा आयात कर, चलनाचा दर आणि दोन देशांमधले संबंध मी आज कोणाला लिहून देऊ शकत नाही. म्हणून या भरणीसाठी वर्षागणिक थोडी थोडी रक्कम राखीव ठेवावी असा माझा आग्रह असतो, आणि प्रवर्तकांशी माझे सर्वाधिक मतभेद याच मुद्द्यावर होतात. सेकीच्या निविदांमध्ये साठवणीसाठी महिन्याला ९५ टक्के उपलब्धता आणि भरलेल्या विजेतून किमान ८५ टक्के परत मिळण्याची अट असते, आणि खाली घसरल्यास दंड. शंभर युनिट भरून पंच्याऐंशी परत येतात, म्हणजे पंधरा युनिटांची किंमतही उरलेल्या पंच्याऐंशींनाच वाहावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दर ज्या वेगाने कोसळले आहेत तो मात्र थक्क करणारा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सेकीच्या पहिल्या मोठ्या स्वतंत्र, म्हणजे सौर प्रकल्पाशी न जोडलेल्या, बॅटरी निविदेत, ५०० मेगावॅट आणि १,००० मेगावॅट-तासांसाठी, मेगावॅटमागे महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये भाडे लागले होते. दिवसातून दोन फेऱ्या धरल्या तर साठवणीचा खर्च युनिटमागे सुमारे ८ रुपये ९० पैसे होतो. २०२५ उजाडेपर्यंत काही निविदांमध्ये हेच भाडे सव्वादोन लाखांच्या आसपास आले, म्हणजे त्याच हिशेबाने युनिटमागे साधारण १ रुपया ८५ पैसे. यातला काही भाग केंद्राच्या व्यवहार्यता तफावत निधीचा आहे, जी योजना सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली आणि जिच्यातून भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकत होती. बाकीची घसरण सेलच्या किमतीची आहे. आणि काही हिस्सा, मला स्पष्ट सांगितले पाहिजे, अशा बोली लावणाऱ्यांचा आहे ज्यांनी बॅटरी कधी चालवलेली नाही आणि जे दोन वर्षांनंतरच्या सेलच्या किमतीवर आज पैज लावत आहेत. असा प्रकल्प अडला तर वितरण कंपनी त्या संध्याकाळच्या विजेवर विसंबून राहिलेली असते, हे नुकसान फक्त बोली लावणाऱ्याचे राहत नाही.

याउलट सप्टेंबर २०२५ मधल्या मुरैनाच्या निविदेने मला मनापासून आनंद झाला. रीवा ज्यांनी उभे केले त्याच मध्य प्रदेशच्या संस्थेने इथे ४४० मेगावॅटसाठी सौर आणि साठवण एकत्र मागितली, आणि दर २ रुपये ७० पैशांपर्यंत आला. बॅटरी दुपारी सौर विजेने भरायची आणि संध्याकाळी द्यायची, मग रात्री खरेदीदाराने दिलेल्या ग्रिडच्या विजेने पुन्हा भरायची आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी द्यायची, अशी तिथली रचना आहे. एकच बॅटरी दोन पाळ्यांत काम करते, त्यामुळे तिचा खर्च दुप्पट युनिटांवर वाटला जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग दाटतात आणि मार्चच्या उन्हावर बेतलेली बॅटरी जुलैत अर्धीमुर्धी भरते. रात्रीच्या ग्रिडची सोय असल्यावर ती पावसाळ्यातही रिकामी पडून राहत नाही. अर्थात दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे झीजही जलद, आणि वर सांगितलेले ते हमीपत्र इथे फार काळजीपूर्वक वाचावे लागणार आहे.

कागदावर जिंकलेला प्रत्येक प्रकल्प उभा राहतोच असे नाही. निविदा झाल्या, दर लागले, पण वीज विकत घेणारी वितरण कंपनी पुढे आली नाही म्हणून ४० गिगावॅटहून अधिक क्षमता खरेदी कराराविना अडकून पडली आहे. आज लागलेल्या दरापेक्षा उद्याचा दर कमी असेल या आशेने राज्ये थांबून राहतात. साठवण नसलेल्या प्रकल्पांची वाट त्यात सर्वांत बिकट आहे. माझ्या टेबलावर सध्या असे दोन जुने प्रस्ताव आहेत, ज्यांचे प्रवर्तक आता बॅटरी जोडून नव्याने हिशेब मांडू पाहत आहेत. पारेषण शुल्कातली, म्हणजे वीज दूरवर वाहून नेण्याच्या आकारातली, सवलत सौर प्रकल्पांसाठी जून २०२५ नंतर टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागली, पण जागेवरच जोडलेल्या बॅटरीसाठी ती जून २०२८ पर्यंत वाढवलेली आहे, आणि या एका तारखेमुळे त्यांचे गणित पुन्हा जुळू शकते. त्यांतल्या एका प्रकल्पाची जमीन भोगवटादार वर्ग दोनची निघाली आहे, त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती भाड्याने देता येणार नाही; ते काम आधी मार्गी लावावे असे मी लिहून कळवले आहे.

दुसऱ्या प्रस्तावाचा भाडेपट्टा मागच्या आठवड्यात वाचला. खांब आणि केबली काढून नेण्याचे कलम त्यात होते, आता ते बहुतेकांत असते. बॅटरीचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. पंधराएक वर्षांनी पहिले सेल निकामी होतील तेव्हा करार अजून दहा वर्षे चालू असेल, आणि शेकडो टन वजनाचे ते सेल कोणाच्या तरी शेताच्या कडेला पडलेले असतील. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर, आणि आयात केले असतील तर आयात करणाऱ्यावर आहे. पण आयात करणारी कंपनी तोवर अस्तित्वात नसेल तर काय, याविषयी मसुदा गप्प होता. मी समासात प्रश्नचिन्ह केले, आणि शेजारी त्या नवी मुंबईच्या बाईंचे वाक्य जसेच्या तसे लिहिले: हे कोण उपटून नेणार? काल कंपनीकडून सुधारित मसुदा आला आहे. निकामी सेल नव्वद दिवसांत जागेवरून हलवायचे, आणि न हलवल्यास त्या खर्चासाठी जमीनमालकांच्या नावे बँक हमी ठेवायची, असे कलम त्यात आहे. रक्कम अजून कोरी सोडलेली आहे. ती किती असावी याचा हिशेब मी सोमवारी पाठवणार आहे.